ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स



मागच्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातला एक तरुण मिस्सेनंतर मला भेटायला थांबला. तो चांदीच्या कारखान्यात कामाला जातो. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसणाऱ्या कारागिराने त्याला सहज विचारले होते की, तुमचा धर्म इंग्रजांनी आणला ना, मग इंग्रज गेल्यावरही तुम्ही तो का धरून बसलात? विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. दोघे रोज एकमेकांच्या डब्यातली भाजी खातात. पण आपल्या मुलाला उत्तर सुचले नाही आणि ते त्याच्या मनाला लागून राहिले.

भारतात ख्रिस्ती श्रद्धा इंग्रजांच्या फार आधीची आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. केरळातील ख्रिस्ती लोक आपला वारसा प्रेषित संत थॉमस यांच्यापर्यंत नेतात. पण या प्रश्नाचे आणखी एक उत्तर मला सुचते, आणि ते एका माणसाच्या आयुष्यात आहे. गंमत म्हणजे तो माणूस इंग्रजच होता. मात्र तो इथे राज्य करायला आला नव्हता. ज्या श्रद्धेला लोक इंग्रजांची म्हणतात, तिच्यासाठीच त्याला इंग्लंड सोडावे लागले होते. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या घरांत मात्र ते फारसे कोणी घेत नाही. म्हणून या रविवारी त्यांची ओळख करून देत आहे.

घर सुटले

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास झाला. वडील व्यापारी होते. मुलगा हुशार निघाला, लॅटिन वगैरे चांगले शिकला. पण काळ कठीण होता. १५५८ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि इंग्लंडची ख्रिस्तसभा पुन्हा रोमपासून तुटली. पोपमहाशयांना मानणाऱ्या कॅथलिकांवर दंड आणि तुरुंगवास येऊ लागला. मिस्सा चोरून व्हायची.

थॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत कॅथलिक गृहस्थ त्यांचा मित्र होता. संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स त्याचा नोकर बनून त्याच्याबरोबर वावरत. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरवले होते. पण पाउंड पकडला गेला आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्याची तुरुंगांतच गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात दाखल झाले. तुरुंगातल्या मित्राला ते विसरले नाहीत. त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली आणि १५७८ मध्ये पाउंडला तुरुंगात असतानाच येशूसंघात स्वीकारण्यात आले.

स्टीफन्स यांनी रोममध्ये तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. मायदेशी परतणे म्हणजे जिवाशी खेळ होता. येशूसंघाचेच फादर एडमंड कॅम्पियन इंग्लंडला परतले आणि १५८१ मध्ये लंडनला त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. आज आपण त्यांना संत मानतो. स्टीफन्स यांची वाट मात्र पूर्वेकडे वळली. संत फ्रान्सिस झेवियर यांची पत्रे युरोपभर वाचली जात होती आणि गोव्याच्या मिशनला माणसे हवी होती.

सहा महिन्यांचा प्रवास

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजे निघाली. त्यांतल्या एकावर स्टीफन्स होते. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जहाज गोव्याला लागले ते २४ ऑक्टोबरला. वाटेत ताज्या अन्नपाण्याअभावी लोकांच्या हिरड्या सुजल्या, अंगे फुगली. दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. त्या काळी ही संख्या कमीच समजत!

पोहोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. समुद्र, वारे, पक्षी, मासे, आजारपण असे सगळे त्यात आहे. पुढे हे पत्र इंग्लंडमध्ये छापले गेले आणि भारताकडे व्यापारासाठी येऊ पाहणाऱ्यांनी ते आवडीने वाचले. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०० सालची. म्हणजे कंपनीच्या आधी एकवीस वर्षे हा इंग्रज भारतात येऊन राहिला. भारतात स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचेच नाव घेतात. पुन्हा ते मायदेशी गेले नाहीत.

१५८० मध्ये गोव्यात त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतरचे बहुतेक सगळे आयुष्य त्यांनी दक्षिण गोव्यातील साष्टी तालुक्यात घालवले. मुंबईजवळची साष्टी ती वेगळी. मडगाव, बाणावली, नावेली, राशोल या भागात ते कधी गावचे धर्मगुरू, तर कधी विद्यालयाचे प्रमुख म्हणून राहिले.

तलवार आणि देवळे

हा काळ रंगवून सांगणे बरोबर नाही. साष्टीत १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने शेकडो देवळे पाडली होती. लोकांचे जुने ग्रंथ जप्त होत होते. धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० पासूनच गोव्यात बसले होते. त्याचा राग गावोगावी साचला होता.

१५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी गावी त्या रागाचा भडका उडाला. फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांच्या चार येशूसंघीय सोबत्यांना तिथे ठार मारण्यात आले. त्यांच्याबरोबर इतर काही ख्रिस्ती लोकही मेले. हे फादर रुडॉल्फ त्याआधी अकबर बादशहाच्या दरबारात राहून आलेले होते. १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी या पाच जणांना धन्यवादित घोषित केले. त्यांचे मृतदेह मिळवून आणण्याची कामगिरी फादर स्टीफन्स यांच्यावर आली होती. आपल्याच संघबंधूंचे छिन्नविच्छिन्न देह त्यांनी पाहिले. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांना दगा देऊन मारले. आपल्या हुतात्म्यांची आठवण काढताना ही दुसरी बाजूही आपण सांगितली पाहिजे. ती लपवली तर आपल्या शेजाऱ्यांनी आपल्यावर विश्वास का ठेवावा?

एवढे पाहिल्यावर एखाद्याचे मन या लोकांविषयी कडू झाले असते. फादर स्टीफन्स त्याच साष्टीत आणखी पस्तीस वर्षे राहिले आणि त्यांनी तिथल्या लोकांची भाषा शिकून घेतली.

त्याच वर्षीची दुसरी एक घटना त्यांचा स्वभाव सांगते. होर्मुझ बंदरात पकडलेले चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे व्यापारी, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. ज्या देशाने स्टीफन्स यांना परागंदा केले, त्याच देशाचे हे लोक. पण स्टीफन्स त्यांच्यासाठी धावले, आणि नाताळच्या सुमारास ते जामिनावर सुटले. चित्रकाराने पुढे येशूसंघाच्या चर्चमध्ये रंगकाम केले. इतर तिघे गोव्यातून निसटून बेळगाव, विजापूर करीत उत्तरेला गेले. लीड्स अकबराच्या पदरी राहिला. फिच इंग्लंडला परतला आणि त्याच्या प्रवासवर्णनातून ही हकिगत आपल्याला कळते.

भाषेची गोडी

१५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी एक निरीक्षण नोंदवले आहे. इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीक या भाषांसारखी आहे, हे त्यांच्या लक्षात आले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत आणि युरोपीय भाषांचे नाते जाहीरपणे मांडले ते १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. भाषाशास्त्राचे अभ्यासक आज या पत्राचा उल्लेख करतात.

बोलण्यासाठी त्यांनी कोकणी शिकली आणि ग्रंथांसाठी मराठी. तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते. त्यांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. महाराष्ट्रात आणि कोकणात संध्याकाळी लोक जमून ओवीबद्ध पुराण ऐकत, हा घरोघरीचा रिवाज होता. ओवीत सांगितले की मनात राहते, हे या परदेशी पाद्र्याने ओळखले.

कोकणीचे त्यांनी व्याकरण लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी त्यात भर घालून ते १६४० मध्ये राशोलला छापले. लहान मुलांना शिकवण्यासाठी त्यांनी कोकणीत ख्रिस्ती शिकवणीचे पुस्तकही तयार केले. ते १६२२ मध्ये छापले गेले आणि कोकणीतील पहिले छापील पुस्तक मानले जाते. पण त्यांचे खरे जीवितकार्य म्हणजे ख्रिस्तपुराण.

पुराण कसे जन्मले

ग्रंथाच्या सुरुवातीलाच स्टीफन्स यांनी एक प्रसंग दिला आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंकडे येतो आणि गाऱ्हाणे मांडतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, पण त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही दिले नाहीत, मग आमचा वेळ कशात जावा आणि मन कशात रमावे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

बंधुभगिनींनो, या गाऱ्हाण्यावर थोडे थांबून विचार करा. माणसाकडून काही काढून घेणे सोपे असते. सत्तेला त्यासाठी एक हुकूम पुरतो. पण रिकाम्या झालेल्या जागी काही ठेवायचे तर कोणाला तरी वर्षानुवर्षे खपावे लागते. फादर स्टीफन्स यांनी ते गाऱ्हाणे ऐकले आणि ते ग्रंथातच लिहून ठेवले. एका परीने ती आपल्याच लोकांविरुद्धची तक्रार होती. त्यांनी ती झाकली नाही, उलट संपूर्ण ग्रंथ हेच तिचे उत्तर केले.

ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांपर्यंतची जुन्या करारातील कथा आहे. दुसऱ्यात प्रभू येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण. पहिल्या भागात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अध्याय आहेत. अध्यायाला त्यांनी अवस्वरू असा शब्द वापरला आहे. सगळ्या मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार आहेत, यावरून कामाचा आवाका कळेल.

त्यांनी प्रस्तावनेत आपली भूमिकाही स्पष्ट केली आहे. देवाच्या गोष्टी सांगायला या देशातील भाषांमध्ये मराठी योग्य वाटली म्हणून मराठी घेतली, पण सामान्य माणसाला समजावे म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून त्यात बोलीतले सोपे शब्द मिसळले, असे ते सांगतात. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या तर आजही मराठी भाषा दिनाच्या भाषणांतून ऐकू येतात. सांगणाऱ्याला पुष्कळदा माहीतही नसते की त्या लिहिणारा एक येशूसंघीय पाद्री होता.

शब्द निवडताना त्यांची किती कसोटी लागली असेल! स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द घेतला. ऐकणाऱ्याच्या मनात तो आधीच घर करून होता. काही ठिकाणी मात्र त्यांनी पोर्तुगीज शब्द तसाच ठेवला, कारण देशी शब्दाने अर्थ बदलला असता. कुठे लोकांचा शब्द घ्यायचा आणि कुठे थांबायचे, हा प्रश्न आजही प्रत्येक धर्मगुरूला प्रवचन तयार करताना पडतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही शब्द आणि अर्थ यांच्या नात्यावर जाडजूड पुस्तके वाचली. फादर स्टीफन्स तो प्रश्न ओवीगणिक सोडवत होते.

छपाईची अडचण वेगळीच होती. मराठी जोडाक्षरांचे खिळे पाडायचे तर ते शेकड्यांनी पाडावे लागतात. १६०८ मध्ये त्यांनी रोममधील वरिष्ठांना पत्र लिहून इथल्या लिपीत छपाई करण्याची परवानगी मागितली होती. ते जमले नाही. शेवटी १६१६ मध्ये राशोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. मराठीतला हा मोठा ग्रंथ मराठी अक्षरांत पाहण्याचे भाग्य त्या लेखकाला लाभले नाही. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स गोव्यात वारले. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून अकरा वर्षे होती.

हुकूम गेला, ओवी राहिली

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. साष्टीतील चर्चमध्ये रविवारी आणि सणांच्या दिवशी लोक जमून ते ऐकू लागले.

मग वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी जीव ओतला, तीच आता अडथळा ठरली. पुराणाची नवी आवृत्ती निघेना. त्या तीन आवृत्त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

तरी पुराण मेले नाही, कारण लोकांनी ते हाताने उतरून काढले. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते बरोबर नेली. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले, तेव्हा तिथे हे पुराण म्हणूनच लोकांनी धीर धरला, असे त्या भागात परंपरेने सांगतात. तिथल्याच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीत ते पुन्हा छापले. लंडनमधील एका संग्रहात देवनागरीतील हस्तलिखितही सापडले. अखेर १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. १९९६ मध्ये मुंबईहून कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती आली. स्टीफन्स यांची देवनागरीची इच्छा पुरी व्हायला जवळजवळ साडेतीनशे वर्षे लागली. गोव्यात पर्वरी येथे येशूसंघाचे थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र त्यांचे नाव चालवत आहे.

ज्या व्हाइसरॉयने भाषा बंद करण्याचा हुकूम काढला, त्याचे नाव आज कोणाला आठवत नाही. गोव्यात कोकणी आणि मराठी दोन्ही जिवंत आहेत. सक्तीने लादलेले गळून पडले आणि मायेने शिकून दिलेले टिकले.

ख्रिस्तपुराणात इतर देवदेवतांविषयी कठोर शब्दही आहेत. तो लेखक आपल्या काळाचाच माणूस होता आणि पोर्तुगीज सत्तेच्या छायेतच काम करत होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांतील जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा आदर करण्याची शिकवण दिली. तेव्हा तो भाग आज आपण तसाच उचलून बोलायचा नाही. पण त्याच परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला दार उघडले आणि आपण मराठीत मिस्सा करू लागलो. हे दार साष्टीतल्या एका पाद्र्याने साडेतीनशे वर्षे आधी ठोठावले होते.

आपल्यासाठी

आता पुन्हा त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या हुपरीत चांदीची खाण नाही. चांदी बाहेरून येते, कुठल्या देशातून आली हे पैंजण घालणाऱ्या बाईला ठाऊकही नसते. ती मुशीत आटते, तिची तार ओढली जाते, हुपरीच्या हातांनी कडी जुळते, डाक लागतो, घुंगरू बसते. मग त्या पैंजणाला कोणी परदेशी म्हणत नाही. सगळा देश त्याला हुपरीचे म्हणतो. श्रद्धेचेही तसेच आहे. प्रभू येशू ना इंग्लंडचा, ना पोर्तुगालचा. त्याची सुवार्ता आपल्यापर्यंत आली आणि आपल्या भाषेत, आपल्या ओवीत घडली. आता ती आपली आहे. असे उत्तर त्या कारागीर मित्राला द्यायला हरकत नाही, आणि ते त्याला नक्की समजेल.

मात्र हे उत्तर देण्याआधी आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारू. एका परक्या माणसाने आपली भाषा शिकण्यासाठी जन्म वेचला. आपल्याला ती आईकडून फुकट मिळाली. आपण तिच्यात किती प्रार्थना करतो? आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालण्यात काही गैर नाही. पण प्रभूची प्रार्थना मुलाला इंग्रजीत पाठ आणि आजीला मराठीत, आणि संध्याकाळी जपमाळेला दोघे एकत्र बसत नाहीत, असे आपल्या घरात होत असेल तर काहीतरी हातचे सुटत आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद आहेच. पण घरातला दर्जा आपणच द्यायचा असतो.

येत्या प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर ख्रिस्तपुराणातील प्रभूच्या दुःखसहनाचा थोडा भाग आपण चर्चमध्ये वाचणार आहोत. ग्रंथ मी आणून ठेवला आहे. जुनी मराठी आहे, पहिल्या दिवशी अडखळायला होईल. वाचायला एक तरुण आणि एक वडीलधारी व्यक्ती अशी जोडी असावी, असे मनात आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर मला भेटावे. त्या कारखान्यातल्या आपल्या मुलाने पहिल्या शुक्रवारसाठी नाव दिले आहे.

प्रभूची कृपा तुम्हां सर्वांवर असो.

आपला,
धर्मगुरू